मागच्या खोलीची घासाघीस

चहा जरा निवू द्या, नाहीतर हसता हसता कुणाच्या तरी नाकातून बाहेर यायचा. माणूस मूर्खपणा करतो तो निदान झाकून तरी करतो. मी केला तो दिवसाढवळ्या, तालुक्याच्या कचेरीसमोर, साक्षीदार उभे करून, अन् वर तो कागदावर लिहूनही दिला! आता बोला!

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. नळदुर्गात माझं बैलांच्या साजाचं दुकान. कासरे, दावी, म्होरक्या, घुंगुरमाळा. सोलापूरच्या सडकेनं जाणारा प्रत्येक गाडीवान माझ्या दारात थांबायचा, घासाघीस करायचा, अन् शेवटी मी सांगितलेल्या भावातच माल घेऊन जायचा. वर म्हणायचा, "अप्पानं स्वस्तात दिलं." अशी माझी जीभ! बाजारात लोक पोरांना सांगायचे, शिवलिंगअप्पाशी भाव करायला जाऊ नका, अंगावरचा सदरा देऊन याल.

तर या जिभेच्या जोरावर मी घर घ्यायला निघालो.

राहत होतो ते घर भाड्याचं. मालकीण अशी, की आमच्या चुलीतून धूर निघाला तरी तिला वाटायचं तिची भिंत झिजली. तिनं एक दिवस सांगितलं, "पाडव्याच्या आत घर मोकळं करा, माझ्या भाच्याचं लग्न हाय." भाच्याला बायको मिळतेय हेच मला नवल वाटलं, पण घर तर मोकळं करायलाच पाहिजे. तेवढ्यात किल्ल्याच्या अंगाला मल्लिनाथ नावाच्या माणसाचं घर विकायला निघालं. मल्लिनाथ सोलापुरात गिरणीत लागला होता. दोन खण, पुढं ओसरी, मागं एक खोली. त्या खोलीत कुणा आडत्याच्या शेंगांची पोती होती, ती तो पाडव्याला हलवणार होता. नऊशे रुपये ठरले. शंभर मी इसार म्हणून दिले. पाडव्याच्या आत खरेदी झाली नाही तर इसार बुडाला, अशी बोली.

खरेदीच्या दिवशी साक्षीला म्हणून माझा मेव्हणा चनबस सास्तूरहून आला. आता हा मेव्हणा म्हणजे मुलखाचा मुखदुर्बळ. याला 'पाणी पाहिजे' म्हणायला अर्धा दिवस लागायचा. हिवाळ्यात त्याचा एक बैल मेला होता अन् नांगरट अडून बसली होती. तालुक्याला त्याच दिवशी जनावरांचा बाजार, म्हणून आमची साक्ष झाली की बैल घ्यायचा, अशा बेतानं दीडशे रुपये कमरेला बांधून आला होता.

निघताना आमच्या मंडळींनी मला बाजूला घेतलं.

"हे बघा, घर झालंच पाहिजे. पण माझ्या भावाच्या पैशाला हात लावू नका. त्याचा बैल बुडला तर म्या माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तुझ्या भावाचे पैसे?" मी म्हणालो. "मी काय भीक मागायला निघालोय?"

अशा थाटात आमची गाडी निघाली.

कचेरीसमोर चिंचेखाली मुन्शीजी सतरंजी टाकून बसले होते. खरेदीखत त्यांनीच लिहायचं, उर्दूत. मला उर्दू बोललेलं समजतं, लिहिलेलं नुसतं दिसतं. तोवर सोलापूरच्या मोटारीतून मल्लिनाथ उतरला. काय सांगू तो अवतार! डोक्याला काळी टोपी, पायात करकरीत बूट. सोलापुरात जाऊन वर्ष झालं नव्हतं, पण चाल अशी, की गिरणी याच्या बापानं बांधली. बरोबर त्याची म्हातारी आत्या. ही कशाला आली, ते मला तेव्हा कळलं नाही.

"पैसे आणले का, अप्पा?"

"आणले. राहिलेले आठशे."

"कलदारच न्हवं?"

तुमच्यातल्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपल्या मुलखात निजामाचा हाली रुपया चालायचा अन् पलीकडं सोलापुरात इंग्रजांचा कलदार. कलदार भारी, हाली हलका. शंभर कलदार पाहिजेत तर सोळा-सतरा हाली जास्तीचे मोजावे लागायचे.

"कलदार कसले? बोलणं हालीत झालं होतं!"

"हाली घेऊन म्या काय करू? सोलापुरातला दुकानदार म्हणतो, हे चिंचोके तिकडंच खेळा. वरचे एकशेतीस द्या अन् मोकळे व्हा."

"इसार घेताना न्हाय सुचलं ते?"

"इसाराचं हाली मोडायला गेलो तवाच तर कळलं!"

बघितलंत? माझ्याच इसारानं याला शहाणपण शिकवलं! मी तोंड सोडलं. त्याचे बूट, त्याची टोपी, त्याची गिरणी, काही ठेवलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "सोलापूरची मोटार दुपारची हाय. म्या जातो. पाडवा झाला की इसार माझा." शेवटी मी त्याला शंभरावर आणला. तीस रुपये तोडले! पण शंभर आणायचे कुठून?

मी चनबसकडं बघितलं. चनबसनं चिंचेकडं बघितलं.

"चनबस, तुझा बैल काय आजच पळून जाणार हाय का?"

त्यानं हळूच कमरेची गाठ सोडली. त्याच्या त्या न बोलण्याचाच मला राग आला. माणसानं नाही तरी म्हणावं!

शंभर मोजून होतात न होतात, तोच ती म्हातारी आत्या पुढं सरकली. म्हणाली, "माझं काय?"

"तुमचं काय?"

"हे घर माझं माहेर. माहेर विकलं की लेकीला लुगडं द्यायची रीत हाय. लुगडं न्हाय, तर म्या ह्याला अंगठा उठवू द्यायची न्हाय."

असली रीत मी जन्मात ऐकली नव्हती. माझ्या मते ती त्याच दिवशी सकाळी सोलापूरच्या मोटारीत जन्माला आली. मी म्हटलं, ठीक आहे, घ्या एक लुगडं. तर म्हणते, "इरकलीच पाहिजे." शेवटी दहा रुपये रोख घेतले अन् म्हणाली, "लुगडं म्या घेते की सोलापुरात!" म्हातारीला लुगड्याशी देणंघेणं नव्हतंच.

आता तरी संपलं? छे! नळदुर्गाहून माझ्याच गाडीमागं चालत आलेला माणूस पुढं झाला. हा मल्लिनाथच्या घराचा शेजारी. मला वाटलं होतं, शेजारधर्म म्हणून आलाय. शेजारधर्म कसला! म्हणाला, "अप्पा, धाराशिवला वकिलाच्या ओट्यावर बसून आलोय म्या. शुफ्याचा कायदा हाय. घर विकायचं तर पयला हक्क शेजाऱ्याचा. म्या दावा लावला तर तुमची खरेदी दोन सालं लटकती."

"मग घे की तू घर! आहेत नऊशे?"

"नऊशे कुठले वो? म्या आपला हक्क सोडतो. पंधरा द्या."

वकिलाच्या ओट्यावर बसून माणूस एवढा हुशार होत असेल, तर वकिलाची कोंबडी कलेक्टर व्हायला पाहिजे! पण मुन्शीजींनीही मान हलवली. म्हणाले, "देके छुट्टी करो, मियाँ. दावा बुरी चीज है." पंधरा गेले. पुन्हा चनबसची गाठ सुटली. आता त्याच्याकडं पंचवीस उरले. पंचवीस रुपयांत बैल येत नाही हो. फार तर त्याची एक बाजू येते.

माझं डोकं एव्हाना असं तापलं होतं, की तवा ठेवला असता तर भाकरी भाजली असती. अन् तेवढ्यात मल्लिनाथ म्हणतो, "अप्पा, अजून एक राहिलं. ते मागच्या खोलीतल्या आडत्याकडचं—"

"बस!" मी ओरडलो. "आता एक शब्द काढलास तर ही खरेदी इथंच फाडीन! जे हाय ते कागदात आलं का?"

"आलं की, पण तुमी ऐकून तर—"

"कागदात आलं न्हवं? मग तोंड मिट!"

मुन्शीजींनी खत वाचून दाखवलं. भराभरा, नाकातून. मी प्रत्येक ओळीला "दुरुस्त, दुरुस्त" म्हणत होतो. अर्धं समजलं नव्हतं, पण 'समजलं नाही' असं त्या बूटवाल्यासमोर कोण म्हणणार? आत गेलो, सह्या झाल्या, साक्षी झाल्या, शिक्का पडला. घर माझं झालं! मल्लिनाथ अन् त्याची आत्या दुपारची मोटार धरून गेले. जाताना तो चनबसच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मी तिकडं लक्षच दिलं नाही.

आता इथून खरा तमाशा.

आम्ही चिंचेखाली गाडी जुंपत होतो. समोरून एक गृहस्थ आले. पोट पुढं, धोतर स्वच्छ, कपाळाला भस्म, बोटात अंगठी. बाजारात असली माणसं मी रोज बघतो. यांची वाणी जेवढी गोड, तेवढा तराजू खोटा. नमस्कार करून म्हणाले,

"शिवलिंगअप्पा तुमीच न्हवं? म्या काशाप्पा आडत्या. मागच्या खोलीत माझी पोती हायत."

"मग?"

"न्हाय, घर आता तुमचं झालं. म्हणलं, मागच्या खोलीचं मिटवून टाकावं."

मला लगेच कळलं! खोली मोकळी करायचे पैसे! मल्लिनाथ झाला, आत्या झाली, शेजारी झाला, आता हा भाडोत्री. उद्या त्या खोलीतले उंदीर येतील लुगडं मागायला!

"किती?" मी दात खाऊन विचारलं.

"साठ होतात."

"साठ? एक दमडी न्हाय!"

काशाप्पांचे डोळे मोठे झाले. "एक दमडी बी न्हाय?"

"न्हाय!"

"म्हंजी सगळे साठ सोडायचे?"

"सोडायचे! विसरून जायचं!"

माणूस गडबडला. बहुतेक अशा सुरुवातीची सवय नसावी. कपाळ पुसत म्हणाला, "असं कसं, अप्पा? मला बी चार माणसांत उठायचं-बसायचं हाय. बरं दिसत न्हाय ते. चाळीसावर या."

ऐकलंत? साठाचे चाळीस! एका दमात वीस रुपये खाली! मी मनात म्हटलं, गडी कच्चा आहे. सकाळपासून सगळ्यांनी मला लुटलं होतं. आता माझी पाळी!

"दहा!"

"दहा लईच कमी होतात वो."

"तुम्हाला होत असतील!"

मागून चनबसनं माझी बाही ओढली. "दाजी, ते पैसे..."

"पैसे तुझे हायत, ठाऊक हाय मला! बुडवत न्हाय तुझा बैल! गप उभा राहा."

"तसं न्हवं, दाजी. साकू. साकू आता." चनबस घाबरला की त्याच्या तोंडून कानडी यायची. साकू म्हणजे पुरे.

"काय साकू? आत्ता तर रंगात आलंय!"

काशाप्पा बिचारे माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "अप्पा, देवाच्या दारात खोटं नको. तीस करा. त्याच्या खाली माझं मन घेत न्हाय."

"तुमच्या मनाचा ठेका घेतला न्हाय मी. पंचवीस!" चनबसकडं तेवढेच उरले होते ना. "पंचवीसच्या वर एक पैसा न्हाय. पटत असेल तर बघा, न्हाय तर चढा कचेरीची पायरी."

"न्हाय, न्हाय! कचेरी कशाला? पटलं!" काशाप्पांनी माझे दोन्ही हात धरले. "लई मोठ्या मनाचे हायसा, अप्पा. असा माणूस म्या पंचक्रोशीत बघितला न्हाय."

इथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला नको होता? घासाघीशीत माझ्याकडून हरलेला माणूस मला मोठ्या मनाचा म्हणेल, हे कधी झालंय का? पण चढलेल्या माणसाला खाली बघवत नाही. मी उलट अंगठीवाल्याला आणखी आवळायला निघालो.

"तोंडी न्हाय चालणार. उद्या पुन्हा दारात याल. मुन्शीजी, लिहा! मागच्या खोलीबाबत पंचवीस रुपयांत मिटलं. यापुढं एकमेकांकडं काही येणं-देणं राहिलं न्हाय."

मुन्शीजींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "अप्पा, सोच लिया ना?"

"सोच लिया! लिहा!"

मी झोकात सही ठोकली. काशाप्पांनी तर शाई वाळायच्या आत केली. साक्षीला चनबसला पुढं ढकललं, तर तो मागं सरायला लागला.

"दाजी, म्या सही करत न्हाय. तुमी आधी माझं ऐका."

"तू सकाळपासून काही बोलला न्हाईस, आत्ताच कंठ फुटला? कर सही!"

त्यानं डोळे मिटून सही केली. खरंच मिटले होते हो! मुलीची पाठवणी करताना बाप मिटतो तसे.

"आण ते पंचवीस," मी म्हणालो. त्यानं दिले. मी ते ऐटीत काशाप्पांपुढं धरले.

अन् बघतो तर काय! काशाप्पांनीही कोपरीच्या खिशातून पंचवीस काढून माझ्यापुढं धरले होते.

आम्ही दोघं तसेच उभे. माझ्या हातात पंचवीस, त्यांच्या हातात पंचवीस. रस्त्यानं जाणारा एक बाजारकरी थांबला. त्याला वाटलं, काही पैज लागली असेल.

"हे कशाचं, अप्पा?" काशाप्पांनी विचारलं.

"खोली मोकळी करायचं! तुम्हीच मागितलं न्हवं का?"

"मागितलं? म्या? अवो, खोली तर म्या पाडव्याला मोकळी करणारच हाय. म्या भाडं द्यायला आलोय! तीन सालाचं थकलंय, साठ रुपये. मल्लिनाथ म्हणला, घर अप्पाचं, थकलेलं भाडं बी अप्पाचंच, कागदात घातलंय. तुमीच म्हणला सोडायचे. म्या आपला लाजंकाजं चाळीस म्हणलो, तीस म्हणलो. तुमी ऐकंनात!"

मुन्शीजींनी सतरंजीवर तोंड दाबून घेतलं. पाठ तेवढी हलत होती.

मी म्हटलं, "काशाप्पा, हे बघा... तो कागद..."

काशाप्पांनी कागदाची घडी घातली, कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली अन् वरून थापटली. "कागद बरा हाय, अप्पा. तुमीच म्हणला, तोंडी चालणार न्हाय." पंचवीस रुपये माझ्या तळहातावर ठेवले अन् असे तरातरा गेले, की पोटाचा एवढा माणूस तेवढा पळू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी चनबसवर उलटलो. "तुला ठाऊक होतं?"

"मल्लिनाथ जाताना सांगून गेला, दाजी."

"मग सांगायचं न्हाय?"

"तेच तर..." एवढं बोलून तो थांबला. मी सकाळपासून त्याला किती वेळा गप म्हटलं होतं, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

मी दोन्ही पंचवीस त्याच्या हातावर ठेवले. पन्नास. साठ धडपणे मिळाले असते, तर पंचाऐंशी झाले असते, अन् थोडी उधारी करून त्या दिवशी बैल दाव्याला लागला असता. बाजार समोरच भरला होता. चनबस एकदा त्या बैलांकडं बघायचा, एकदा माझ्याकडं बघायचा. त्याला बैलांत अन् माझ्यात काय फरक दिसत होता कोण जाणे. राहिलेले शंभर मी दुकानाच्या गल्ल्यातून हप्त्यानं फेडले, अन् त्याची नांगरट शेजाऱ्याच्या बैलानं झाली. खरं सांगतो, तेवढं अजून टोचतं.

परतताना नळदुर्ग जवळ आलं तसं मी म्हणालो, "चनबस, घर झालं तेवढं सांग. आडत्याचं तुझ्या बहिणीला कळायला नको."

चनबसनं माझ्यापुढं तळहात पसरला. "पाच रुपये द्या," म्हणाला.

हा मुखदुर्बळ! माझा मेव्हणा! सकाळपासून चिंचेखाली बसून हा मल्लिनाथची अन् आत्याची शाळा शिकत होता! पण कनवटीला बाजारहाटाचे पाच रुपये होते, ते मी मुकाट्यानं काढून दिले.

घर आलं. मंडळी दारातच उभ्या. चनबस गाडीतून उतरला, चूळ भरली, अन् पाणी पिण्याच्या आधी बहिणीला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं! साठ, चाळीस, तीस, पंचवीस, कागद, सही! ज्या माणसाला पाणी मागायला अर्धा दिवस लागतो, त्यानं एका दमात सांगितलं. मी ओरडलो, "अरे, गप बसायचे पाच रुपये घेतलेस की माझ्याकडून!"

बाई शांत. चूल पेटवता पेटवता तिनं विचारलं,

"त्यानं मागितले किती?"

"पाच."

"अन् तुमी दिले किती?"

"पाच."

"घासाघीस न्हाय केली?"

"न्हाय."

"बरं केलंत," ती म्हणाली. "केली असती, तर दहा गेले असते."